कुलूपबंद डायल

१

अंगठी डबीतून बाहेर आली होती, हर्षिताचं बोट पुढे झालं होतं आणि माझा कॅमेरा त्या बोटावर होता. तेवढ्यात नवरदेवाच्या वडिलांचा मोबाइल वाजला. ईश्वरदासजींनी तो कानाला लावला, "हां दादा, बोला," म्हणाले आणि मग नुसतेच ऐकत राहिले. मी सवयीप्रमाणे त्यांच्या चेहऱ्यावर झूम केला. चेहरा बघता बघता काळवंडला.

"थांब," ते मुलाला म्हणाले. "अंगठी डबीत ठेव."

मुलीचे वडील खेमराज कटरे धावत पुढे आले. "काऊन जी? का झालं?"

"केशोरीहून दादाचा फोन होता. आता तुमच्याच घरून तिकडे फोन गेला म्हणते. कोणी बाई बोलली. पोरीले फिट येते, हे लोक लपवून लग्न लावून राहिले, असं सांगितलं अन् ठेवून देला."

"आमच्या घरून? कायले अशी गोष्ट करता जी! आमच्या पोरीले सर्दी बी होत नाही!"

"मंग हा नंबर कोणाचा?" ईश्वरदासजींनी आकडे वाचून दाखवले. केशोरीच्या फोनला नंबर दाखवणारी डबी होती आणि दादांनी त्यावरून नंबर सांगितला होता. तो कटऱ्यांच्याच घरच्या फोनचा होता.

हॉलमधली सगळी डोकी एकदम कोपऱ्याकडे वळली. तिथे स्टुलावर घरातला सगळ्यांच्या माहितीचा एकुलता एक फोन होता, बटणांचा, पांढरा. शेजारी माझा ट्रायपॉड. मी तासाभरापासून तिथेच उभा होतो, आणि त्या फोनला माझ्यासमोर कुणीही हात लावला नव्हता!

पाहुणे न जेवता गाडीत बसले. जाताना ईश्वरदासजी एवढंच म्हणाले, "फोन कोणी केला त्याचं नाव सांगा, मंग पाहू." कटऱ्यांच्या कामठा गावात इतकी जिलबी कधी उरली नसेल.

मी बकाराम. गोंदियात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि २००६ सालच्या त्या मोसमात जिल्ह्यातली निम्मी लग्नं मीच शूट करत होतो, असं म्हटलं तर फार खोटं ठरणार नाही. लग्नात रुसवेफुगवे मी पोत्याने पाहिलेत. पण असला प्रकार पहिलाच. कॅमेरा पिशवीत भरताना मी लेन्सचं झाकण लावायला विसरलो, आणि खरं सांगतो, ते दुःखाने नव्हे. फोनला हात न लावता फोन गेला कसा, या एका प्रश्नाने मला पुरतं झपाटलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं, तर खालून वाकून हेमेंद्र आत आला. हर्षिताचा मोठा भाऊ. डोळे लाल.

"भाऊ, ती कॅसेट द्या. आईनं नीतूचं नाव घेतलं आहे."

नीतू म्हणजे हेमेंद्रची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्या भावासाठी हर्षिताला मागणी घातली होती आणि ती कटऱ्यांनी नाकारली होती. साखरपुड्याच्या वेळी नीतू वरच्या मजल्यावर एकटीच होती. तेव्हा भांजी मारणारी तीच, असा हिशेब तुलसाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, लावून टाकला होता.

"उद्या सकाळी तिचे वडील तिला न्यायले येऊन राहिले. एकदा गेली ना, तर आई तिला परत घरात घेणार नाही. तिनं केलं नाही, भाऊ."

"पण फोन तर हॉलमध्ये होता. वर असून नसून काय?"

हेमेंद्रने मान खाली घातली. "वर पण एक आहे."

मी शटर तसंच खाली ओढलं आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो.

वरच्या खोलीत, टेबलावर, उशीच्या अभ्र्याखाली तो होता. काळा, जड, गोल डायलचा फोन! हेमेंद्रच्या आजोबांच्या राइस मिलमधला. आजोबा गेले, मिल विकली आणि फोन माळ्यावर पडून राहिला. हेमेंद्र गोंदियात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने तो खाली काढला होता.

"जमुनाआत्याला द्यायचा होता, साखरपुड्याच्या दिवशी. आजोबांची आठवण म्हणून," तो म्हणाला आणि दुःख विसरून मला फोन उलटा करून दाखवू लागला. माणूस कामाचं सांगताना कसा खुलतो! "जुन्या वायरीला नुसती उघडी टोकं होती, स्क्रूखाली कसायची. आताच्या भिंतीतल्या सॉकेटले क्लिपची पिन लागते. मी नवीन वायर घेतली, एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूची मधली दोन तारं इथे कसली. आवाज आला, पण घंटी वाजेना. आठवडा गेला डोकं लावण्यात. शेवटी या तिसऱ्या स्क्रूपासून हा एवढासा तांब्याचा तुकडा जोडला अन् काल सकाळी वाजली! दोन्ही फोन एकाच लाइनवर आहेत."

मी रिसीव्हर उचलला. कानात लाइनचा घरघर आवाज. अंगावर काटाच आला माझ्या.

"म्हणजे इथून फोन लावता येतो!"

"नाही ना," हेमेंद्र म्हणाला. "हे पाहा."

डायलच्या भोकात एक पितळी कुलूप अडकवलेलं होतं. हिरवट, गंजलेलं. फुकट फोन करणाऱ्यांसाठी तेव्हा लोक असं कुलूप लावत. मी डायल फिरवून पाहिला. जरा सरकला आणि अडकला.

"चावी आजोबा गेले तेव्हापासून कोणाला सापडली नाही. अन् मी कुलूप तोडलं नाही, आत्याला वाईट वाटलं असतं. आलेला फोन घेता येते याच्यावर. लावता येत नाही."

एका फोनला कुणी हात लावला नाही आणि दुसऱ्याला कुलूप. तरीही केशोरीला फोन गेला होता.

३

लग्नाच्या शूटिंगवाल्याचा एक नियम असतो. जो माणूस सारखा फ्रेममध्ये आहे, त्याची काळजी करायची नाही. जो नाही, त्याला शोधायचं, नाहीतर नंतर तोच भांडायला येतो. मी तोच नियम लावायचं ठरवलं.

नीतूला आधी भेटलो. ती पलंगाशी बसून बॅग भरत होती. रडत नव्हती, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

"लाइट गेली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"हर्षिताला खाली पोचवलं अन् तिच्या खोलीत पसारा आवरत होते. मग गच्चीवर गेले. जीव घाबरला होता गर्दीत."

"वर आणखी कुणी आलं?"

"गच्चीवरून कुठे दिसते? मी फोन नाही केला, भाऊ. पण मी वर होते हे खरं आहे. सासूबाईंना आणखी काय पाहिजे?"

लाइट गेली होती, ते सांगायचं राहिलंच. अंगठीच्या जरा आधी लोडशेडिंग झालं. पंखे बंद, शहनाईची कॅसेट बंद. मीच ओरडलो होतो, "अंधारात अंगठी दिसणार नाही, लाइट येऊ द्या!" म्हणून सगळं थांबलं. कॅमेरा बॅटरीवर चालू ठेवून मी जिलबी खायला बाजूला सरकलो, पण नजर कॅमेऱ्यावरच होती, आणि स्टुलावरचा फोन त्याला लागूनच. लाइट आली, अंगठी निघाली आणि मोबाइल वाजला.

मग हर्षिताचे मामा, ओमेश्वर. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. लाइट गेल्याबरोबर ते जनरेटरवाल्याला शोधायला बाहेर गेले होते, म्हणजे फ्रेमबाहेर.

"मामाजी, केशोरीचा नंबर तुमच्याकडे होता ना?"

"होता ना! मोबाइलमंधी भरून आहे. गेल्या साली बाजारात ओळख झाली त्यायची. अरे भाई, मीच स्थळ आणू अन् मीच तोडू? पागल हूं क्या मैं?" त्यांनी मोबाइल काढून माझ्या नाकापुढे धरला. "पाठ तर मले माझ्या घरचा नंबर बी नाही!"

तुलसाबाईंनी मला बसू दिलं नाही. "हेमेंद्रची बायको वर होती, फोन वर होता. आणखी का शोधून राहिले?"

"पण कुलूप?"

"शिकलेली आहे ती. करू शकते काही बी."

खेमराजजी ओसरीत बसले होते, भिंतीकडे बघत. त्यांची मोठी बहीण जमुनाआत्या चहा घेऊन आली. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती याच घरात. कमी बोलणारी, सगळ्या घराचं करणारी. माझ्या हातात कप देताना तिने विचारलं, "त्या कॅसेटमंधी आवाज बी भरते का, बाबू?"

"भरतो ना, आत्या. पिन पडली तरी ऐकू येते!"

ती मान हलवून आत गेली. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. रात्रीपासून मी कॅसेट तीनदा पाहिली होती, ती नुसती डोळ्यांनी. ऐकली कुठे होती?

४

स्टुडिओत हेमेंद्र आणि मी कानाला हेडफोनची एकेक बाजू लावून बसलो. कॅसेट मागे नेली. पडद्यावर लाइट गेली. पंख्यांचा आवाज थांबला. पाहुणे रुमालाने वारा घेऊ लागले. कुणी खोकलं. एक पोर रडलं आणि गप्प झालं.

टिक. टिक. टिक.

"हे काय?" मी म्हणालो.

टिक टिक… टिक टिक टिक. अगदी बारीक, कॅमेऱ्याच्या शेजारून. हॉलमध्ये कुणाच्या कानावर गेलं नसेल. हेमेंद्र ताडकन उभा राहिला, हेडफोन माझ्या कानातून उपटला गेला.

"घंटी! भाऊ, ही हॉलमधल्या फोनची घंटी! एका लाइनवर दोन फोन असले अन् एकावरून जुन्या पद्धतीनं नंबर लावला, तर लाइन तुटत-जुळत जाते. जितका आकडा, तितक्या वेळा. दुसऱ्या फोनच्या घंटीला तितके हिसके बसतात!"

"म्हणजे वरच्या फोनवरूनच नंबर लावला?"

"वरच्याच!"

"आणि हे टिक मोजले तर नंबर कळेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुढची वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. टेबलावर फुटाण्यांचा पुडा होता. प्रत्येक टिकला एक फुटाणा, आकडा संपला की नवीन ढीग. पहिला ढीग दहाचा झाला. दहा म्हणजे शून्य! गावाबाहेरचा फोन! मग केशोरीला लागणारा अर्जुनीकडचा कोड. मग पाच ढीग. आणि मग थांबला.

"पाचच?" हेमेंद्र हिरमुसला. "केशोरीचा नंबर सहा आकडी आहे. मामाकडून घेतला मी." त्याने खिशातून चिठ्ठी काढली.

कॅसेट चालूच होती. जरा वेळ शांतता, आणि टिक टिक पुन्हा सुरू! पुन्हा शून्य, पुन्हा तोच कोड. मग दोन फुटाण्यांचा एक ढीग. आणि त्यापुढे पुन्हा तेच पाच ढीग, जसेच्या तसे.

मी चिठ्ठी ढिगांशेजारी ठेवली. दुसऱ्या वेळचा नंबर चिठ्ठीतला होता. पहिल्या वेळी पुढचा दोन राहिला होता.

"चुकला असेल," हेमेंद्र म्हणाला.

"चुकला नाही रे!" मी टेबलावर हात आपटला आणि सगळे ढीग विस्कटले. "आठव. तीन-चार वर्षांपूर्वी काय झालं? सगळ्या नंबरांच्या पुढे दोन लागला! त्याच्याआधी पाचच आकडे होते. फोन करणाऱ्याच्या बोटात जुना नंबर बसला होता. तो लागला नाही, तेव्हा आठवलं की आता दोन लावावा लागतो."

"पण स्थळ तर यंदा आलं. मामाची ओळख बी गेल्याच साली झाली."

"तेच म्हणतोय मी. हे स्थळ यायच्या कितीतरी आधीपासून या घरातल्या कुणाला तरी तो नंबर पाठ होता. नीतू येऊन वर्षही नाही झालं. मामांना नंबर पाठच नाही, मोबाइलमध्ये भरलेला सहा आकडी आहे. दोघंही सुटले!"

हेमेंद्रच्या तोंडावर साखरपुड्यानंतर पहिल्यांदा रंग आला. मग तोही गेला.

"पण भाऊ, कुलूप."

कुलूप होतंच. मी पुन्हा ऐकलं. आता आणखी एक गोष्ट लक्षात आली. डायल सोडला की तो आपल्या वेगाने परत येतो, टिकटिक एका लयीत पडायला हवी. ही पडत नव्हती. कधी घाईत, कधी दमाने. यंत्राची ती लय नव्हती. कुणीतरी हातानेच काहीतरी करत होतं.

५

खेमराजजी अजून ओसरीतच होते. मी सरळ विचारलं, "काकाजी, मिलच्या दिवसांत त्या कुलूपबंद फोनवरून कधी फोन लावला का?"

एवढ्या दुःखातही त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "कित्येकदा! बाबूजी जेवायले गेले का आम्ही मिलच्या हाफिसात. डायल नाही फिरवायचा. रिसीव्हरखालचा खटका असते ना, तो दाबून सोडायचा. सातासाठी सात वेळा, नवासाठी नऊ वेळा. कुलूप राहते तसंच अन् फोन लागते. बाबूजीले मरेपर्यंत समजलं नाही."

हेमेंद्रने माझा दंड धरला. पण खेमराजजी पूर्ण वेळ माझ्या फ्रेममध्ये होते, नवरदेवाच्या मांडीला मांडी लावून.

"हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

"ताईनं," ते म्हणाले. "जमुनाताईनं. तिचा हात लय साफ होता."

"आणि तेव्हा केशोरीचं कुणी मिलवर यायचं?"

"केशोरीचं धान यायचं ना. ईश्वरदासचा मोठा भाऊ आणत होता, दुधराम. आता घराबाहेर निघत नाही. लग्न बी नाही केलं त्यानं." बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "बकाराम, तू का विचारून राहिला?"

मी उठलो. स्टुडिओत जाऊन साखरपुड्याच्या दिवशीची सकाळची कॅसेट लावली. अंगणात बायका तांदूळ निवडताहेत. हेमेंद्र आपल्या मोबाइलवरून घंटी तपासत असणार, कारण हॉलमधला फोन किरकिरतो आणि त्यात मिसळून वरून जुनी घंटी येते, घणघण, घणघण. बायका विचारतात, "काय वाजलं बाई?" एक बाई विचारत नाही. सूप हातात तसंच धरून ती वरच्या मजल्याकडे बघत राहते. जमुनाआत्या.

त्यानंतर सबंध साखरपुड्यात ती माझ्या एकाही फ्रेममध्ये नव्हती. आणि मी, फ्रेमबाहेरच्या माणसांना शोधणारा, तिला शोधलंच नव्हतं. कुणीच शोधलं नव्हतं. विधवा बाई अशा विधीला पुढे येत नाही, ती आत कुठेतरी असणारच, हे इतकं ठरलेलं की तिला "तू कुठे होतीस" असं विचारायचं एकालाही सुचलं नाही.

६

सकाळी जीप दारात उभी होती. नीतूचे वडील चहाला न शिवता बसले होते आणि नीतूची बॅग पायरीवर होती. हेमेंद्रने काळा फोन खाली आणला, सॉकेटला दोन तोंडांची पिन लावली आणि पांढऱ्या फोनशेजारी तो जोडला.

मी सगळ्यांसमोर उभा राहिलो.  फुटाण्यांचे ढीग, राहिलेला दोन, खटका, सगळं एकामागून एक सांगितलं. मामा मधूनमधून "क्या बात है!" करत होते. तुलसाबाईंचा पदर तोंडाशी गेला होता.

"तेव्हा हे काम अशा माणसाचं," मी म्हणालो, "ज्याला कुलूप असताना फोन लावता येतो, ज्याला केशोरीचा जुना नंबर पाठ आहे, आणि जो त्या वेळी कुणाच्याच नजरेत नव्हता. असा माणूस या घरात एकच…"

आणि माझी नजर दाराकडे गेली. रात्रभर घोकलेलं नाव तोंडातून निघेना. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती.

"सरक बाप्पा," जमुनाआत्या म्हणाली. "मी केला फोन."

 ती येऊन स्टुलासमोर खाली बसली.

"ताई, तू?" खेमराजजींचा आवाज फुटला. "आपल्या हर्षितासाठी? कायले?"

"तोडायले नव्हता केला रे." ती भावाकडे न बघता बोलत होती. "सकाळी घंटी वाजली. ती घंटी मी मेल्यावर बी ओळखीन. मनात आलं, दुधरामले सांगावं, भावाच्या पोराचा साखरपुडा आहे, घरात काऊन बसून राहिला, ये. एवढंच सांगायचं होतं. माह्या घरधन्याच्या मागं त्यानं मले मागितली होती. त्याच्या बापानं विधवा सून नाही चालत म्हटलं, अन् आपल्या बाबूजीनं फोनले हे कुलूप लावलं. तरी मी खटका मारून लावत होती. एक दिवस त्याचा बाप बाजूले बसून होता. दुधरामनं 'राँग नंबर' म्हटलं अन् ठेवून देला. मंग मी बी नाही लावला."

"आणि परवा?" नीतूने विचारलं.

"परवा त्यानं उचलला. मी म्हटलं, ओळखलं का? तो म्हणते, 'राँग नंबर.' इतक्या वर्षानं बी राँग नंबर!" आत्याने मांडीवर हात आपटला. "माहं डोकंच फिरलं. ज्या घरानं मले नाही म्हटलं, त्याच घरी आमची पोरगी वाजतगाजत जाऊन राहिली. तोंडातून काय निघालं ते निघून गेल्यावर समजलं. अन् मंग सांगायले भेव वाटलं. दुधरामले कसं भेव वाटलं असन ते मले बी समजलं."

ती नीतूकडे वळली. "तुह्या नावावर गेलं, अन् मी चूप बसली. तुही बॅग पाहून रात्री झोप नाही लागली."

तिने रिसीव्हर उचलला. कुलूप लोंबत होतं. बोट खटक्यावर गेलं आणि शेजारचा पांढरा फोन बोलू लागला, टिक टिक टिक. तीच लय! कधी घाईत, कधी दमाने! या वेळी ती पुढचा दोन विसरली नाही. मी पांढऱ्या फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. तिकडे घंटी वाजली.

"हॅलो," एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज हॉलभर आला.

"मी जमुना बोलून राहिली. राँग नंबर म्हणू नको."



"नाही म्हणत," तो आवाज म्हणाला.

"पोरीले काही नाही. फिट नाही, काही नाही. मी खोटं बोलली."

"तू? खोटं?" दुधरामजी खरोखर चकित झाले होते. "मी आवाज तवाच ओळखला होता, जमुना. तू कधी खोटं सांगत नाही, म्हणून तर खरं मानलं. ईश्वरदासले फोन केला, पण तुहं नाव नाही घेतलं."

"ओळखला होता, तर राँग नंबर काऊन म्हटलं?"

"तोंडातून निघालं. बापू बाजूले बसून आहे, असंच वाटलं."

"तुहा बाप मरून किती साल झाले!"

"झाले ना," ते म्हणाले. "पण भेव नाही मेलं."

आत्याने डोळे पुसले आणि आवाज कडक केला. "मंग आता एक काम कर. भावाले माहं नाव सांग. जमुनानं केला, जमुना खोटं बोलली, असं सांग. आमच्या सुनेवर आळ आला आहे, तिचं नाव यात नको. सांगशील का, का पुन्हा भेशील?"

"आताच सांगतो," दुधरामजी म्हणाले, आणि फोन ठेवला.

तुलसाबाई उठल्या. कुणाकडे न बघता पायरीपर्यंत गेल्या, नीतूची बॅग उचलली आणि स्वतःच जिन्याने वर घेऊन निघाल्या. अर्ध्यावर थांबून म्हणाल्या, "चुकलं माहं, बेटा. तुह्या बाबांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको." नीतू तेव्हा रडली. हर्षिता आत्याच्या गळ्यात पडली आणि आधी रागाने तिच्या पाठीवर एक बुक्की मारली, मग तिला सोडेच ना.

आम्ही सगळे त्या दोन फोनांकडे बघत बसलो. मामांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दुधरामजी पुन्हा भ्याले की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

आणि घंटी वाजली! पांढरा फोन किरकिरला तो कुणाला ऐकूच आला नाही, कारण काळा फोन घणघणत होता, स्टूल थरथरत होतं आणि हेमेंद्र लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता.

"नीतू," खेमराजजी म्हणाले, "तू उचल, बेटा."

नीतूने पदर सारखा केला आणि जड रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला. "कटऱ्यांच्या घरून बोलते. मी सून." ती ऐकत राहिली. "हो जी… हो… सांगते." तिने आमच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बघूनच मामांनी फेटा हवेत उडवला. "ईश्वरदासजी म्हणतात, रविवारी अंगठी घेऊन येतो. आत्या समोर बसल्या पाहिजेत, अशी त्यांच्या दादांची अट आहे."

मग तिने रिसीव्हर पुढे केला.

"आत्या, दादाजी लाइनवर आहेत. जमुनाबाईला द्या म्हणतात."

आत्याने कोरडेच हात पदराला पुन्हा पुसले आणि फोन घेतला.